खंडेनवमीचा लाल रंग

काय सांगू तुम्हाला, काकांनी गाडी सुरू करायला सेल्फ दाबला आणि नुसतं 'टक्' झालं. दुपारी अमरावतीला माझी प्रॅक्टिकलची परीक्षा, आणि काकांची जुनी लॉरी मूर्तिजापुरात अडलेली.

"गेला! दसऱ्यापासून हा तिसरा सेल्फ!" काका म्हणाले. सेल्फ गेला की हँडल फिरवून गाडी सुरू करायची, त्यानं मनगट सुजलेलं, म्हणून वैतागून समोर चहाला जाऊन बसले.

दसऱ्यापासून? खंडेनवमीच्या पूजेसाठी काकांनी लॉरी रंगवली होती, पार आतपर्यंत. मी भीतभीत बॉनेट उघडलं. बॅटरीची तार लॉरीच्या लोखंडाला आवळतात, तिथे तारेखालीही लालभडक रंग! वीज जाणार कुठून?

"काका, सेल्फ चांगला आहे! इथला रंग खरवडायला हवा!"

"पूजेचा रंग खरवडते का कोनी? चुपचाप बस गाडीत!"

मी बसले नाही. तार सोडवली, पान्ह्याने रंग खरवडला, तार पुन्हा आवळली. ठिणगी उडाली तेव्हा किंचाळले, पण सोडलं नाही.

"काका, एकदा दाबा ना!"

ऐकूनच घेईनात. चहावाला हसायला लागला, तरी मी हाका मारतच राहिले. शेवटी काका फणफणत आले, चढले, सेल्फ दाबला. लॉरी धडधडली, मी दचकून मागे.

"आता काय पाहून राहिली? चढ ना! परीक्षा तुही हाय का माही?"