जांभळी बाटली, तेलकट स्क्रू

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय रणजीतसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या क्वालिटीच्या गीतांजली मॅडम, आजचे सत्कारमूर्ती कासिमभाई मुकादम, पहिल्या रांगेत बसलेल्या खुर्शीदभाभी, आणि समोसे थंड होत असतानाही शांत बसलेल्या माझ्या सहकारी बंधूभगिनींनो,

मी चांगदेव मढवी, असेंब्लीचा फोरमन. भाषण करायचा मला कंटाळा आहे. खरं सांगायचं तर हल्ली सगळ्याचाच कंटाळा आहे. गुडघे दुखतात, जिना चढून इथवर आलो तेच खूप झालं. पण आत्ता साहेबांनी मानपत्र वाचलं. त्यात एक ओळ आली, "मल्टिटूलच्या कामातील एक चूक वगळता निष्कलंक सेवा." ती ओळ ऐकली आणि वाटलं, आज मी बोललो नाही तर ती काच लावून भाभींच्या दिवाणखान्यात टांगली जाईल. म्हणून उठलो.

नवीन मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सात वर्षांपूर्वी आपण दिघ्याच्या या शेडमध्ये मल्टिटूल बनवायला घेतलं. पक्कड, चाकू, करवत, पेचकस, सगळं एका मुठीत. त्याचे स्क्रू इवलेसे, तांदळाच्या दाण्याएवढे. ते वापरता वापरता सुटू नयेत म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावतात. तो लाल, निळा की जांभळा, हे ठरवायचं काम कासिमभाईंकडे आलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, एका थेंबाचा काय तो विचार? भाईंनी त्यावर महिना घालवला.

लाल लावलेला स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही, जोर केला तर त्याचं डोकंच झिजतं. निळा मोठ्या बोल्टला चांगला, पण एवढ्याशा स्क्रूला तोही भारी. जांभळा हलका. गिऱ्हाइकाला आतली वाळू काढायची असेल, पातं बदलायचं असेल, तर साध्या पेचकसानं उघडतो. "स्क्रू धरून ठेवायचाय, चांगदेव, गाडून टाकायचा नाय," असं ते मला म्हणायचे. तिन्ही रंगांचे नग त्यांनी आपल्या स्कूटरच्या हँडलला बांधले आणि दोन आठवडे ठाणे-बेलापूर रोडवर फिरवले. आपल्या त्या रोडचे खड्डे पार करून जे टिकलं ते जगात कुठंही टिकेल, नाही का? जांभळा टिकला. फक्त त्यांची एक अट होती. आटे धुतलेले, कोरडे पाहिजेत. तेल असलं तर हा थेंब धरत नाही.

पहिली बॅच दसऱ्यानंतर गेली. तीन आठवड्यांत आठशे नग परत. स्क्रू सुटलेले, पाती लटकलेली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. मीटिंग बसली, पंधरा मिनिटांत उठली. हलका लॉक निवडला म्हणून स्क्रू सुटले, असं ठरलं. फाइलमध्ये लिहिलं गेलं, "कारण: थ्रेडलॉकरची चुकीची निवड. जबाबदार: का. मुकादम." भाईंना डिझाइनमधून काढून दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं, आणि लाल बाटली आली. मग काय, गिऱ्हाइकाला उघडता येईना, म्हणून माल दुरुस्तीला आपल्याकडेच यायला लागला. ज्या माणसानं लाल नको म्हणून सांगितलं, तोच सात वर्षं सोल्डरिंग आयर्न घेऊन एकेक लाल स्क्रू तापवत बसला. यांच्या बोटांवरचे डाग बघा कधीतरी.

आता माझं सांगतो.

मी तळवलीचा. माझे वडील मिठागरावर होते. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार तेलानं पुसायचं आणि मग हळदकुंकू वाहायचं, ही आमची रीत. त्या वर्षी इथली पूजा माझ्याकडे होती. नवा माल म्हणून मी धुऊन ठेवलेल्या स्क्रूंचे ट्रेही पूजेत मांडले. आणि हौसेनं, चमकावेत म्हणून, तेलाच्या फडक्यात घोळवले. पॅकिंगच्या बयाबाई, दिवाळे गावच्या, त्यांनी तेव्हाच टोकलं होतं, "आरं चांगदेव, ह्ये स्क्रू हायत का लोनच्याच्या फोडी?" सगळे हसले, मीपण हसलो. सुट्टीनंतर ते ट्रे तसेच लाइनवर गेले. पुन्हा धुवायला पाहिजेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पूजेचा दोष नाही हो. देवानं थोडंच सांगितलं होतं, धुवू नका म्हणून?

दिवाळीनंतर कपाट आवरताना त्यातला एक ट्रे सापडला. एक स्क्रू धुतला, एक तसाच ठेवला, दोघांना जांभळा लावला. दुसऱ्या दिवशी धुतलेला हलेना. तेलकट होता तो नुसत्या नखानं फिरला. तसाच भाईंकडे गेलो.

ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. परत आलेला पहिला नग उघडला तेव्हाच बोटाला तेल लागलं. हळदपण होती."

मी म्हटलं, "मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातलं आयर्न खाली ठेवलं. म्हणाले, "मी बोललो असतो तर गोष्ट स्क्रूची राहिली असती का रे? मुकादम म्हणतो पूजेनं माल बिघडला, असं झालं असतं. दिवस कसले आहेत बघतोस ना? हे तू बोलू शकतोस. मला नाय जमायचं."

नाही कासिमभाई, बसा. हात करू नका, आज मला थांबवू नका.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, उद्या बोलतो. त्याच महिन्यात फोरमनची जागा निघणार होती. माझ्या मुलाचं, प्रणयचं कॉलेज होतं. उद्या म्हटलं, मग परवा म्हटलं. फोरमन झालो. पेढे वाटले, त्यातला पहिला भाईंना दिला, आणि त्यांनी तो खाल्लासुद्धा. दर ईदला भाभींचा शीरखुर्म्याचा डबा माझ्या टेबलावर यायचा. मीही खायचो, डबा धुऊन परत द्यायचो. सात वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, "चांगदेव, कधी बोलतोस?" एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारणाऱ्या माणसासमोर रोज हजेरी लावून मी थकलो.

साहेब, हा कागद मी काल रात्री लिहून आणलाय, खाली सही आहे. "कारण: आट्यांवर तेल. जबाबदार: चां. मढवी." फाइलमध्ये जुन्या कागदाच्या जागी हा लावा. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, माझी तक्रार नाही. गीतांजली मॅडम, ट्रेमधले उरलेले स्क्रू या डबीत आहेत. उद्या स्वतः तपासून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आणि मानपत्रातली ती ओळ भाई घरी जायच्या आत काढा, एवढी विनंती आहे.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते तुम्ही पोटात घालालच. जे सात वर्षं बोललोच नाही, त्याची माफी मात्र एकट्या कासिमभाईंकडे मागतो. त्यांनी नाही दिली तरी त्यांचं बरोबरच आहे.

भाभी, घरी गेल्यावर तेवढं तुमच्या लेकीला, उझमाला सांगा. तुझ्या अब्बांनी बाटली बरोबर निवडली होती.