अलर्ट कुणी बंद केला

हिंजवडीला निघालेली कंपनीची बस वाकडच्या पुलाखाली अडकली होती. नंदाच्या कानात इअरफोन होते, पण गाणं केव्हाच संपलं होतं. मागच्या सीटवर एक मुलगी तिच्या साहेबांशी हळू आवाजात बोलत होती.

"सर, मॉनिटरिंग मीच लावलं होतं. दर मिनिटाला नेटवर्कच्या प्रत्येक स्विचला पिंग जातं, तीनदा उत्तर आलं नाही की अलर्ट येतो."

"माहीत आहे मला."

"तिसऱ्या मजल्यावरचा स्विच उगाचच सारखे अलर्ट द्यायचा. उत्तराची वाट बघायची वेळ वाढवायला हवी होती. मी त्याचा अलर्टच बंद करून टाकला."

"हं."

"परवा तो खरंच बंद पडला. मजला दोन तास ठप्प, आणि कुणाला पत्ताच नाही. आज दहाच्या मीटिंगमध्ये सगळे शुभंकरला धरणार. शिफ्ट त्याची होती ना."

"त्याला सांगितलंस?"

"नाही. काल जेवताना समोरच बसला होता. म्हणाला, माझ्याच नजरेतून सुटलं असेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी त्याला लोणचं वाढलं."

बस हातभर पुढे सरकली.

"तुम्ही रागावला नाहीत, सर."

"कुणी काय बदललं याची सिस्टिममध्ये नोंद राहते, राजनंदिनी. परवाच पाहिली मी."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"दहा वाजेपर्यंत वेळ होता तुला."

मागच्या सीटवर तिने फोन लावला.

"शुभंकर, मीटिंगच्या आधी पाच मिनिटं भेटशील? नाही, थांब. आत्ताच सांगते."