मेलेल्या ठकूचं मृत्युपत्र

ऐका. ज्याला खोकायचंय त्यानं आत्ताच खोकून घ्या. आणि शेवंता, दाराकडं पाठ करून बसू नको बाई.

तर गेनबा ढवळे अमावस्येच्या रात्री तालुक्याला निघाला. एकटा. पायी. सकाळी कोर्टात तारीख, आणि शेवटची एस.टी. चुकलेली. बगलेत धडप्यात गुंडाळलेला कागद. कसला कागद? बहिणीचं मृत्युपत्र! मी ठकूबाई, माझ्या वाटणीचं रान भाऊ गेनबाला राजीखुशीनं देते. खाली अंगठा.

राजीखुशीनं म्हणे! अहो, ती नवऱ्यानं टाकलेली बाई. मरेपर्यंत एकच सांगत होती, "दादा, मला साडीचोळी नको. माझं रान माझ्या कौसाला दे." ठकू तापानं गेली. बायका पाणी तापवायला बाहेर गेल्या, तेवढ्यात ह्या भावानं मेलेल्या बहिणीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. मेलेल्या बहिणीचा! काय म्हणावं ह्याला? पुढं लेक कौसा कोर्टात गेली. सात वर्षं खटला चालला. आणि उद्या गेनबा शपथेवर सांगणार होता, की बहिणीनं जित्तेपणी अंगठा दिला.

आता रात्री नाव घेऊन हाक आली, तर आपण काय करतो? तिसऱ्या हाकेची वाट बघतो. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, हे पोराबाळांनाही ठाऊक. पण कोर्टाचं उलटं! तिथं शिपाई नाव पुकारतो, ओ दिली नाही तर निकाल विरुद्ध. सात वर्षांत गेनबाची जीभ त्या पुकाऱ्याला बांधली गेलेली.

वाघजाळीच्या ओढ्यात उतरला. ठकूला तिथंच काठावर जाळलेलं. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. आणि हाक आली.

"गेनबा मारुती ढवळेऽऽ! हाजर हाय का?"

"हजर हाय, सायेब!"

बोलून गेला! तोंडावर हात दाबला, पण उपयोग काय? ओ दिली ती दिली.

मागं बांगड्या वाजल्या. गेनबा पळाला. पळतोय, पळतोय, आणि पुन्हा त्याच काठावर! एक धोंडा आला, कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त. कुणीतरी झिंज्या धरल्या, खडकावरून फरफटत नेलं आणि तोंड पाण्यात दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं.

"दादा, शपथ घे. खरं बोलीन म्हण."

"बोलीन! बोलीन गं!"

"अंगठा कवा दिला मी?"

आणि ऐका, मरणाच्या दारातसुद्धा माणसाला रान सुटत नाही! म्हणाला, "जित्तेपणी दिलास."

कडाऽऽक! करंगळी मोडली.

"कवा दिला?"

"तापात होतीस, तवा..."

कडाक! दुसरं बोट. मग तिसरं. मग चौथं. ज्या हातानं बहिणीचा अंगठा दाबला, तोच हात! गेनबा ढोरासारखा ओरडत होता. मग त्याचा अंगठा गार तोंडात गेला. दात हाडापर्यंत उतरले.

"मेल्यावर!" गेनबा किंचाळला. "ठके, तू मेल्यावर घेतला! रान कौसाचं हाय!"

पकड सुटली. गेनबा रांगत काठावर चढला. खालून आवाज आला, "सकाळी सायबापुढं हेच बोल. न्हाईतर मी येते घरी."

सकाळी कोर्टात आला तो रक्तानं माखलेला, अंगठा कातड्याला लोंबतोय. त्याचा वकील बाही ओढतोय, आणि हा साहेबापुढं सगळं ओकला. रात्रीचंसुद्धा. साहेबानं भुताचं लिहून घेतलं नाही, अंगठ्याचं घेतलं. गेनबा तुरुंगात गेला. कौसाला रान मिळालं.

ती कौसा मीच. भरल्या कोर्टात मामाच्या तोंडून हे ऐकलं, आणि मी रडले. रानासाठी नाही रडले. माझ्या आईला मेल्यावरसुद्धा सख्ख्या भावाशी भांडावं लागलं, म्हणून रडले.

तर वाघजाळीच्या वाटेनं रात्री जाऊ नका. हाक आली तर ओ देऊ नका. आणि बहिणीचा हिस्सा दाबून बसला असाल, तर दिवसाही जाऊ नका. आई माझं ऐकत नाही.