डॉक्टर लिबार्दो यांचा मोबाईल चोरीस गेल्याबाबत

नाव : उबाल्दो ओयोला तामारा. वय : ६१ वर्षे. धंदा : नोकरीसाठी बायोडाटा लिहून देणे. राहणार : धक्क्यामागची गल्ली, सान तादेओ दे ला बार्रा.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, माझा बटणांचा जुना मोबाईल आज सकाळी चोरीस गेला आहे. हवालदार पुपो यांनी त्याची किंमत चाळीस हजार पेसो धरली आहे, ती त्यांची मर्जी. मला तो पडला एक जिवंत टर्की, भाचीच्या लग्नात बँडवाल्यांचं जेवण, आणि ज्या मेहुण्याकडून घेतला त्याच्याशी दोन वर्षांचा अबोला. टर्की चांगली होती.

मी नगरपालिकेच्या कमानीखाली टाईपरायटर घेऊन बसतो. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, परंतु या गावात पगार घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझ्या टेबलावरून गेलेले आहेत. बायोडाटा एका पानात मावला पाहिजे. दुसरं पान साहेब लोक वाचत नाहीत, त्यावर कप ठेवतात. कष्टाळू आणि प्रामाणिक हे दोन शब्द मी लिहीत नाही, कारण ते तुरुंगातून सुटून आलेलेही लिहितात. फोटो कोटातला लागतो. कोट फोटोवाल्या अनीबालच्या खुंटीवर असतो आणि गावातल्या सर्व अर्जांवर तोच एक आहे. हवालदार पुपो यांच्या पोलीस भरतीच्या अर्जावरही तोच आहे. हे त्यांनी पहिल्यांदा लिहून घेतले नाही, म्हणून मी पुन्हा सांगितले.

अर्जाच्या शेवटी दोन ओळखीच्या माणसांची नावं व फोन नंबर द्यावे लागतात. कंपनीवाले त्यांना फोन करून चौकशी करतात. आमच्या माणसाला विचारलं, तुला कोण ओळखतं, तर तो बहीण सांगतो, शेजारी सांगतो, फार तर मासळीवाला सांगतो. कंपनीला डॉक्टर लागतो. वकील असो, इंजिनिअर असो, शर्ट इस्त्रीचा असला की आमच्याकडे तो डॉक्टर. तर ज्यांच्याकडे डॉक्टर नाही, त्यांना मी माझ्याकडचा देतो.

माझ्याकडे दोघे आहेत. डॉक्टर लिबार्दो कार्कामो, आणि आगबोटीचे निवृत्त कॅप्टन ओब्दूलिओ. डॉक्टर घशातून बोलतात, कॅप्टन खोकतात. दोघांचे मोबाईल वेगळे, आणि घोटाळा नको म्हणून पाठीमागे चिकटपट्टीवर नावं घातलेली आहेत. आजवर एकाही कंपनीला संशय आलेला नाही. कॅप्टनसारखा खोकला या नदीकाठी दुसऱ्या कोणाला जमणार नाही. करून दाखवतो म्हणालो, पण हवालदार नको म्हणाले.

नायिबे बुएल्वास ही बाई धक्क्यावर मासे तळून विकत असे. नवा पूल सुरू झाल्यापासून लाँच बंद झाल्या, आणि धक्क्यावर आता बगळ्यांशिवाय कोणी उतरत नाही. गेल्या महिन्यात तिने कढई विकली. बर्फाच्या कारखान्यातल्या उपाहारगृहात स्वयंपाकप्रमुखाची जागा निघाली, म्हणून ती माझ्याकडे आली. आमचं बोलणं झालं ते असं :

"मास्तर, मासे तळते एवढं लिहा."

"अगं, मासे सगळेच तळतात. माणसं किती जेवायची तुझ्याकडे?"

"लाँच भरून आली तर साठ-सत्तर."

"एकटीनं?"

"भावजय भांडी घासायची. तीही तोंड वाजवत."

मी लिहिले : रोज सत्तर जणांच्या जेवणाची जबाबदारी, हाताखाली एक कर्मचारी. वाचून ती रडायला लागली. मी म्हणालो, यात एक अक्षर खोटं नाही. ती म्हणाली, म्हणूनच. मग तिनं शेवटची ओळ पाहिली.

"हे डॉक्टर लिबार्दो मला कुठे ओळखतात?"

"आता ओळखतील."

कारखान्यात माणसं घेण्याचं काम सेन्योरा हेर्सिलिया पाहतात. त्या राजधानीकडच्या, वर डोंगरातल्या. तिकडचे लोक कुत्र्यालाही अहो म्हणतात. आज सकाळी मी टेबलावर अंडं भरलेली मक्याची अरेपा खात असताना कॅप्टनचा मोबाईल वाजला. मी घास गालात सरकवला आणि खोकलो. सेन्योरांनी नायिबेबद्दल विचारले. मी आगबोट, वादळ, भुकेले खलाशी असं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आभारी आहे, कॅप्टन. आता डॉक्टरसाहेबांशी बोलते. दुपारपर्यंत आम्हाला नाव ठरवायचं आहे."

मी पाणी प्यालो, घसा डॉक्टरांचा करून घेतला, आणि हात पुढे केला तर टेबलावर डॉक्टरांचा मोबाईल नव्हता. भोवती गर्दी होती. मी टाईपरायटर तसाच उघडा टाकून ठाण्यात आलो. टाईपरायटर मी असा कधी टाकत नाही.

हवालदार पुपो म्हणाले, "मास्तर, तुम्ही चोरीची तक्रार देताय की स्वतःचा गुन्हा कबूल करताय?"

मी म्हणालो, "तुमच्या भरतीच्या वेळी कॅप्टन खोकले होते, तेव्हा हे विचारलं नाहीत."

हवालदारांनी उठून खिडकी लावून घेतली. मग ठाण्याच्या फोनवरून चोरीच्या मोबाईलचा नंबर लावला व आवाज मोठा केला. दोन वेळा वाजल्यावर उचलला.

"हॅलो, डॉक्टर लिबार्दो बोलतोय."

मी ओरडलो, "अरे चोरा! डॉक्टर लिबार्दो मी आहे!"

"मग नाव पण चोरीला गेलं का तुमचं? मला वाटलं, नुसता फोन."

आवाज मी ओळखला. पूर्वी लाँच चालवणारा एलिएसेर. हवालदारांनी आपण पोलीस असल्याचे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी पळत नाही. पळायला लाँच कुठे राहिली आहे?"

"सकाळपासून या फोनवर कोणाचा फोन आला?"

"एका बाईंचा. आपली कृपा असेल तर, आपला वेळ घेते, असं चाललं होतं. इतकं गोड बोलत होती की ठेवून द्यायची लाज वाटली."

"काय सांगितलंस तिला?" मी विचारले.

"खरं ते सांगितलं. मी डॉक्टर नाही, लाँचवाला आहे आणि फोन माझा नाही."

या ठिकाणी मला बाकावर बसवण्यात आले व पाणी देण्यात आले.

एलिएसेर पुढे बोलला ते असे : "बाई म्हणाली, मग आपण नायिबे बुएल्वास यांना ओळखत नसाल. म्हटलं, ओळखत नाही कसा? दहा वर्षं तिच्या हातचं खाल्लंय. मासा जरा वास मारायला लागला की नदीत टाकते. शेवटचा असला तरी टाकते, आणि मग आम्ही नुसता भात खातो. पुरात लाँच अडकली होती तेव्हा एका पातेल्यात सगळ्यांना जेवायला घातलं. मोठ्या पोटाचे पुढे घुसले, त्यांना पळीनं मागे हाकललं. मी पिऊन गेलो की हाकलून देते, पण ताट झाकून ठेवते. बाई म्हणाली, चोरीच्या फोनवर बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास कसा ठेवावा? म्हटलं, बाई, चोरीच्या फोनवर खोटं बोलून मला काय मिळणार आहे?"

"मग?"

"मग हसली. राजधानीची माणसं हसतात हे मला आजच कळलं."

मी त्याला म्हणालो, "मूर्खा, तू नायिबेचं वाटोळं केलंस." तो म्हणाला, "मी एकट्यानं नाही मास्तर. फोनला तुमच्या डॉक्टरचं नाव होतं, चार पैसे जास्त येतील म्हणून मी उचलला."

फोन आणून देतो, पण मास्तरांनी माझाही अर्ज लिहून द्यावा, पुलावर टोलवाले माणसं घेतायत, असे तो म्हणाला. हवालदारांनी अटी घालू नकोस म्हणून दम दिला. मी म्हणालो, वाचता येतं का? तो म्हणाला, चिकटपट्टीवरचं वाचलं ना.

जबाब इथवर आला असताना नायिबे बुएल्वास ठाण्यात आली. ती कारखान्यापासून चालत आली होती व तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता. हवालदारांनी चपलेकडे बघून विचारले, कोणी त्रास दिला का? ती म्हणाली, "सोमवारपासून यायला सांगितलंय." मग ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि आम्ही दोघे बराच वेळ हवालदारांच्या पंख्याकडे बघत बसलो.

तरी माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. लाँचचालक एलिएसेर याने दुपारी मोबाईल ठाण्यात जमा केला, तो मी ओळखून ताब्यात घेतला. त्याचा अर्ज मी उद्या लिहिणार आहे. कोट अनीबालकडे आहे.

वरील मजकूर हवालदार पुपो यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी फोनवर ओरडलो तो शब्द सोडून "चोर" असे होते तेथे माझ्या सांगण्यावरून "लाँचचालक" केले आहे, बाकी मी बोललो तसेच आहे. सही करण्यापूर्वी नायिबेने सांगितलेली एक गोष्ट हवालदारांनी आग्रहाने शेवटी घालायला लावली, तीही खरी आहे. डॉक्टरांना फोन सेन्योरा हेर्सिलिया यांनी केवळ शब्द दिला होता म्हणून केला. त्याआधीच, सकाळी कॅप्टनशी बोलून झाल्यावर, त्यांनी नायिबेचा अर्ज नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकला होता, कारण वादळाचं वर्णन करता करता कॅप्टन मध्येच कोणाला तरी म्हणाले होते, "फोटो आणलेत का? मग रांगेत बसा."