बापाचं 'नेहमी', लेकीचं 'कधीच नाही'

संस्थेचे अध्यक्ष आदरणीय रामचंद्रशेठ, पाली येथून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, सचिव परेशभाऊ, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या कोकिळाबाई, माझे सहकारी शिक्षक, मुरुड आणि आजूबाजूच्या पाड्यांतून आलेले पालक आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शाळेची विज्ञान शिक्षिका सुचिता आपणा सर्वांना नमस्कार करते.

मानपत्र आत्ताच वाचून झालं. भाषा सुंदर होती. बाईंचं अक्षर, बाईंची शिस्त, स्नेहसंमेलनातली नाटकं, सगळं आलं. मग गेल्या वर्षीची गोष्ट कुठे गेली? ती गाळली कुणी? मी ती सांगणार आहे, आणि रागानं सांगणार आहे, हे आधीच कबूल करते.

बाईंनी आठवीच्या मुलांना काही प्रश्न दिले होते. तेच प्रश्न त्यांच्या पालकांनाही दिले. घरात मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं का? वडील मुलांशी बोलतात का? उत्तरासाठी 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत पर्याय होते. आईबापांना आपलं वागणं कसं दिसतं आणि मुलांना तेच कसं दिसतं, यातलं अंतर बाईंना मोजायचं होतं. जोड्या लावता याव्यात म्हणून कागदावर फक्त हजेरी क्रमांक होता. "माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही," असा शब्द त्यांनी मुलांना दिला होता.

तो शब्द मोडला कुणी? बाई रजेवर असताना परेशभाऊंनी त्यांचं कपाट उघडलं, हजेरीपटावरून क्रमांक जुळवला आणि भर पालकसभेत रुचिकाचं नाव घेऊन तिचा आणि तिच्या वडिलांचा, दोन्ही कागद वाचले. तिचे वडील विनेश नाखवा समोर बसले होते. त्यांनी लिहिलं होतं, मुलीशी नेहमी बोलतो. मुलीनं लिहिलं होतं, कधीच नाही. सभागृह हसलं. हो, आपण हसलो नाही असं आज कुणी म्हणू नये!

दुसऱ्या दिवशी रुचिका शाळेत आली नाही. नाखवांनी तिला किहीमला आत्याकडे धाडलं होतं. आणि संस्थेनं काय केलं? 'पालकांची बदनामी' केली म्हणून कोकिळाबाईंनाच मेमो दिला.

बाई मेमो पर्समध्ये टाकून सरळ नाखवांच्या घरी गेल्या. मी सोबत होते. रुचिकाची आई नलूताई अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. नाखवा उठलेसुद्धा नाहीत.

"पोरीसाठी दर्यावर जातंय मी, बाई. आन् ती लिवते, बाप बोलत न्हाय! खोटारडी हाय ती."

"तिला धाडण्याआधी शेवटचं काय बोललात तिच्याशी?" बाईंनी विचारलं.

"जेवलीस का, इचारलं."

"आणि त्याआधी?"

"तेच. दुसरं काय इचारनार?" एवढं म्हणून ते स्वतःच थांबले.

बाई म्हणाल्या, "नाखवा, तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. तिनंही नाही. तुमच्या लेखी ते बोलणं आहे, तिच्या लेखी नाही. मला एवढंच समजून घ्यायचं होतं."

नलूताई बोंबलांवरची नजर न काढता म्हणाली, "मलाबी तसंच वाटतं. पन मला कुनी कागद दिला न्हाय."

नाखवा उठले. मग सदरा चढवून निघाले. "कुठं?" नलूताईनं विचारलं. "किहीमला. पोरीला आनतो." एसटीनं येताना बापलेकीत काय बोलणं झालं, ते आम्ही विचारलं नाही. तो आमचा अधिकार नव्हे. पण पोर परत आली. आता ती बापासोबत जाळी शिवायला बसते, कधी हसते, कधी भांडतेसुद्धा.

मग सगळं गोड झालं? नाही! निबंधात पानंच्या पानं लिहिणाऱ्या या मुलीनं 'माझे घर' या विषयाला कोरा कागद दिला. मी विचारलं तर म्हणाली, "टीचर, कुणी वाचलं तर?" बापानं दुरावा ओळखला आणि भरून काढला. आपण, शाळेनं, तिचा विश्वास मोडला आणि वर शिस्तीच्या गप्पा मारल्या. आपल्या संस्थेच्या भिंतीवर लिहिलंय, 'विद्यार्थी हेच दैवत'. 'शाळेत तुमचं ऐकून घेतलं जातं का', हा प्रश्न आपल्या मुलांना विचारून पाहायची हिंमत आहे का कुणात?

सूत्रसंचालक साहेब, चिठ्ठी पाठवू नका. वेळ संपली, मला कळतंय. पण तो मेमो अजून बाईंच्या सेवापुस्तकात आहे. शाल घालायची आणि डागही ठेवायचा, याला सत्कार म्हणत नाहीत. अध्यक्ष महाशय, तो आज, याच सभागृहात मागे घ्या. आणि रुचिका तिसऱ्या रांगेत वडिलांशेजारी बसली आहे. जिच्यावर सर्वांसमोर हसलो, तिची माफीही सर्वांसमोरच मागायला हवी.

कोकिळाबाई, तुमच्याकडून आम्ही ऐकायला शिकलो. तुमचं ऋण मोठं आहे. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर थोरामोठ्यांनी ते पोटात घालावं. रागाची मात्र माफी मागत नाही.

मी खाली उतरते. परेशभाऊ, माइक चालू आहे.