लाखेनं बुजवलेला सेलो

मी सौंदडचा, जातीचा सुतार, नाव गनपत. बापानं जलमभर नांगर केले अन् इळ्याच्या मुठी बसवल्या. धानाचा मुलूख आमचा, घरोघरी इळा लागतेच, अन् मूठ बसवाची लाखेनं, लाख तापवली, भोकात ओतली, इळा खुपसला, का मंग धार झिजून जाईल पर मूठ सुटनार नाई. हे ध्यानात ठेवा तुमी, माझं वाटोळं याच लाखेनं केलं.

स्वराज्य आलं त्या साली मी गोंदियाले रेल्वेच्या डब्बे दुरुस्तीत लागलो. एका दिवशी सायेब लोकायच्या क्लबात खुर्ची ठोकाले गेलो तं तठी चौघं जन समोरासमोर बसून वाजवून राहिले होते, ना तबला, ना गानारा, ना कोनी म्होरक्या. परेरा सायेब गार्ड होते, ते फिडल वाजवत, त्यायची मेम दुसरं फिडल, पार्सलवाले सेन बाबू त्याहून जरा मोठं, अन् एक बुढा गोरा डायवर सेलो. सेलो म्हंजे काय सांगू तुमाले, फिडलचा थोरला भाऊ, दोन गुडघ्यात धरून बसा लागते अन् आवाज असा का आपल्याच छातीतून निंगून राहिला वाटते. पुढं बुढा विलायतेले गेला, सेलो मागं राहिला, चौथी खुर्ची खाली झाली. मी जाता येता दारात उभा राहो. परेरा सायबानं माझे हात पाह्यले, म्हने, बढई, तेरी उंगली लंबी है, बैठ. बसलो मी.

दोन वर्सं निरा गज ओढला. सेन बाबूनं सुरायचा कागद वाचाले शिकवलं, बायको म्हने या मानसाले भूत लागलं. पर वाजवनं कठीन नाई, वाजवाले कोनीबी शिकते, थांबनं कठीन. आपली पाळी नसली का मनात मोजत बसाचं, एक दोन तीन चार, बाकी तिघायचं ऐकाचं, अन् बराबर आपल्या पाळीले गज टेकवाचा. आठ वर्सं दर आयतवारी दुपारी हेच केलं. डब्ब्याखाली मी बढई होतो, त्या खुर्चीवर चौघातला एक होतो.

मंग परेरा सायेबबी विलायतेले जाऊन राहिले म्हनून कळलं. दिवाळीनंतर एक शेवटचं वाजवनं ठरलं, रेल्वेची सारी मानसं बोलावली, अन् सायबानं चीज अशी निवडली का पयले सेलो एकटाच सुरू होते. म्हने, गनपत, ये तेरे लिए. मले दुसरं काईच नको होतं बाप्पा, त्या दिवशी नीट वाजलं पायजे, बस.

अन् दिवाळीआधी, श्रावनात, वलीनं सेलोची खालची सांध सुटली, चार बोटं. सायबाचा हुकूम होता का काईबी झालं तं मले सांग, हात लावू नको. मी कायले सांगतो, सुताराचं पोट्टं मी, सुटल्या सांधीले कायले भेतो? अति शहाना त्याचा बैल रिकामा. लाख तापवली, भरली, घासली, वरून रंग दिला. कोनाले दिसलं नाई. मीच माझ्या हातावर खूश.

थंडी पडली, लाकूड आकसलं. शेवटच्या वाजवन्याच्या आयतवारी खोळ काढली तं सेलोचं पोट खालून वरपर्यंत तडकलं होतं. सेन बाबू म्हने, असं कसं झालं, हे सरसानं जोडलेलं असते, पातळ सरस, का लाकडाले ताण आला तं सांध सुटावी, लाकूड फाटू नये. मले तवा समजलं का सांध सुटत होती ते तिचं काम करून राहिली होती. सायेब लाल झाले, क्लब झाडनाऱ्या भिकूलालच्या अंगावर गेले, धूप में तूने रखा? तो म्हने, साब, मैंने हाथ नहीं लगाया. सायेब म्हने, कल से मत आना. अन् मी चूप बसलो. लाज वाटते सांगाले, पर मी चूप बसलो.

मानसं येऊन बसली होती. सुरुवात म्या केली, चीर भनभनत होती, तरी धकलं. मंग माझी पाळी सरली, मोजाले लागलो, एक दोन तीन, अन् दारात भिकूलाल दिसला, हातात खराटा, कोनाकडंच पाहत नव्हता. मोजनी चुकली माझी. आठ वर्सात पयल्यांदा. तिघंही वाजवत वाजवत माझ्या जागेवर आले, अन् मी आलोच नाई. थांबले ते. सारे पाहून राहिले. मी उठलो अन् म्हनलं, सायेब, लाख म्या लावली, श्रावनात, भिकूलालचा काई दोष नाई.

सायबानं मेमकडं पाह्यलं, मंग उठून दारात गेले, भिकूलालले हात धरून आनलं, पयल्या रांगेत बसवलं. परत येऊन म्हने, गनपत, फिर से. शुरू से. कसं वाजलं ते मले इचारू नका, माझे डोळे भरले होते, पर मोजनं चुकलं नाई.

जाताना सेलो मलेच देऊन गेले, म्हने, तोड़ा तूने, जोड़ेगा भी तू. सेन बाबूची बदली झाली, मीबी नोकरी सोडून घरी आलो. लाख कोरून काढाले अन् सरसानं जोडाले सारा पावसाळा गेला. आता दर आयतवारी दुपारी वसरीत बसतो अन् तीच चीज वाजवतो, माझा चौथा हिस्सा तेवढा. गाव म्हने, हे काय गानं होय, मधातच थांबते. बायकोबी पयले म्हने, वाजवा ना, थांबले काऊन? म्या सांगलं, आता सायबाची, मेमची, सेन बाबूची पाळी हाये. देव त्या तिघायले जठी असतील तठी सुखी ठेवो. परवा शेजारीन साद देत आली, मी थांबून मोजून राहिलो होतो, तं बायको तिले म्हने, चूप बस जराशी, सायेब वाजवून राहिले.