दाराआडची चौथी रेघ

तुम्ही हसणार नसाल तर सांगतो. रोडपालीला गोरखपूरकडच्या एका कुटुंबाच्या फ्लॅटला रंग देत होतो. दोघे भाऊ, दोन्ही जावा, मुलं, सगळे एकत्र. घाईत मी दाराआडच्या भिंतीला पुट्टी मारली आणि मोठ्या भाभी धावत आल्या.

"भैया, ये क्या किया? मुलांची उंची होती तिथे!"

दर दिवाळीला चार मुलांना उभं करून पेन्सिलीनं रेघ मारायचे, शेजारी नाव आणि वय. मला फार वाईट वाटलं. पुट्टी सुकल्यावर मीच म्हणालो, "बोलवा मुलांना, आजची उंची तरी मारून देतो."

दहा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची धाकटी आली. तीन रेघा झाल्या.

"चौथा कुठंय?"

"गोलू तीन वर्षांचा असताना तापानं गेला," भाभी म्हणाल्या. "आता सात वर्षांचा झालाय तो. बाकीचे रोज समोर असतात. त्याची तेवढी रेघच होती, दर दिवाळीला वर सरकणारी."

"मग त्याची उंची कशी मोजता?"

"पेन्सिल भिंतीला लावून खाली आणायची. थांबते ती."

त्यांचं मन राखायला मी पेन्सिल खाली आणू लागलो. माझ्या छातीशी ती अडली. जोर दिला, तरी हलेना.

तेवढ्यात धाकटी ओरडली, "चीटिंग! त्यानं टाचा उचलल्यात!"

भाभी हसल्या. "गोलू, नीट उभा राहा."

आणि पेन्सिल दोन बोटं खाली आली.